लोणारच्या गाळातला जुना पाऊस: कोअरवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

लोणार सरोवराला ओढे येऊन मिळतात, पण पाणी वाहून जायला वाट नाही. त्यामुळे पाऊस रोडावला की पाणी आटतं, क्षार दाट होतात आणि गाळात गेल्युसाइट या सोडियम-कॅल्शियम कार्बोनेट खनिजाचे स्फटिक धरतात. तिथल्या तळातून नळीने काढलेल्या सुमारे १० मीटर लांब गाळाच्या दांड्यात, म्हणजे कोअरमध्ये, गेल्या ११ हजार वर्षांचा गाळ मिळाला. हे स्फटिक प्रामुख्याने दोन काळांतल्या थरांत सापडले: साधारण ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीच्या. दीर्घ अवर्षणाचा इतका थेट पुरावा क्वचितच हाती लागतो, म्हणून तो जपून हाताळा.

कोअर उभा चिरल्यावर पृष्ठभाग पातीने आडवाच खरवडा. उभी पात फिरवली तर वरचा गाळ खालच्या थरात ओढला जातो. फोटो आणि रंगाची नोंद लगेच करा. काळा गाळ हवा लागली की काही तासांत तपकिरी पडतो. स्फटिक गाळ धुण्याआधी चिमट्याने वेचा. पाण्यात गेल्युसाइट हळूहळू विघटित होतं आणि मागे नुसतं कॅल्साइट उरतं.

गाळातला ओलावा, सेंद्रिय पदार्थ आणि कार्बोनेट किती हे तापवून मोजायचं भट्टीतलं काम सरळ आहे: १०५ अंशांवर रात्रभर, ५५० वर ४ तास, ९५० वर २ तास, दरवेळी मूस डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून वजन. फक्त स्फटिकांच्या थरात आकडे फसवतात, कारण ओलाव्याबरोबर स्फटिकातलं पाणीही उडतं.

परागकणांसाठी १ घन सेंटिमीटर गाळ घ्या आणि त्यात लायकोपोडियम या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाका. गोळीतल्या बीजाणूंची संख्या ठाऊक असते, त्यावरून परागकणांचं प्रमाण निघतं. मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, थेंबाथेंबाने; घाई केली तर फेस नळीबाहेर येतो आणि नमुना गेला. कार्बोनेट पूर्ण निघाल्याशिवाय वाळू-माती विरघळवणाऱ्या हायड्रोफ्लोरिक आम्लाकडे वळू नका, नाहीतर कॅल्शियम फ्लोराइडचा साका बसतो. हे आम्ल काच खातं, म्हणून नळ्या प्लॅस्टिकच्या. ते कातडीतून हाडापर्यंत पोचतं, म्हणून फ्यूम हूड, जाड हातमोजे आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवंच. एकट्याने हे काम कधीही करू नये. अ‍ॅसिटोलिसिसच्या, म्हणजे उरलेले सेंद्रिय पदार्थ काढायच्या, अ‍ॅसिटिक अ‍ॅनहायड्राइड आणि सल्फ्युरिक आम्लाच्या ९:१ मिश्रणाआधी नमुना ग्लेशियल (पाणी नसलेल्या) अ‍ॅसिटिक आम्लाने धुवा. नळीत पाणी उरलं तर मिश्रण उसळतं. शेवटी निदान ३०० परागकण मोजा.

डायटम ही सूक्ष्म शैवालं मिळाली नाहीत म्हणून हवामानाचा निष्कर्ष काढू नका. सामू १०च्या आसपास असलेल्या पाण्यात त्यांची सिलिकाची कवचं विरघळतात.

सगळी भिस्त मात्र कालमापनावर. कार्बन-१४ साठी सरसकट गाळ किंवा शेवाळ देऊ नका. सरोवराच्या पाण्यातला जुना कार्बन त्यात मुरलेला असतो आणि वय फुगतं. जमिनीवरच्या झाडांची पानं, बिया, बारीक काड्या शोधा. जाड लाकडाचा ढलपा टाळा, कारण खोडाच्या आतलं लाकूड झाड पडण्याच्या कितीतरी आधीचं असतं. वेचलेलं लगेच वाळवा. ओलं राहिलं तर बुरशी धरते, तिच्याबरोबर आजचा कार्बन शिरतो आणि वय कमी भरतं.