वसुलीचे फोन कसे थांबले

सकाळी साडेसहाला फोन, आणि सुरुवातच शिवीने. सक्करदऱ्यात टपरीवर चहा घेत होतो, कप तसाच ठेवला. क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी, धंदा बसला तेव्हाची. वसुलीवाला म्हणाला, "पाचशे तरी टाका, अन् व्हॉट्सॲपवर लिहा, बाकीचे भरतो म्हणून."

वकील भाच्याने अडवलं. "मामा, साधारण तीन वर्षांची मुदत असते दाव्याला. ती उलटल्यावरही लेखी वचन दिलं की दावा पुन्हा जिवंत!"

मग प्रत्येक फोनची वेळ वहीत टिपली. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर फोन करता येत नाही. ती यादी बँकेच्या तक्रार कक्षाला मेल केली, 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जातो, असंही लिहिलं. नवव्या दिवशी फोन बंद.

तडजोड नंतर केली, आधी बँकेचं पत्र हातात, मग पैसे. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (पूर्ण न भरता मिटवलं) लागलंय, ते मात्र खुपतं.