खदानीच्या गावातली शाळा: खनिज निधीतला वाटा मागायचा कसा

माझा नवरा खदानीवर हायवा, म्हणजे खडी वाहणारा मोठा टिपर, चालवतो आणि मी गावातल्या झेडपी शाळेच्या व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे. ज्या धुरळ्यावर आमची चूल पेटते तोच शाळेच्या फळ्यावर बसतो, आणि त्याबद्दल अर्ज करायचा तो मीच. म्हणून आधीच सांगते, खदान बंद कशी पाडायची ते इथे सापडणार नाही. खदानीमुळे सरकारकडे जो पैसा जमा होतो, त्यातला शाळेचा वाटा गावात कसा आणायचा, तेवढंच मला चार ठेचा खाऊन कळलंय.

चंद्रपूर-यवतमाळकडे कोळसा आहे, तिथल्या लोकांना हा निधी माहीत असतो. आपल्या मराठवाड्यात काळा पाषाण, मुरूम आणि गोदावरीची वाळू. कायद्यात याला गौण खनिज म्हणतात, आणि त्या 'गौण' शब्दामुळेच बहुतेकांना वाटतं की इथे आपला काही हक्क नाही. तसं नाही. 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान, म्हणजे हा निधी सांभाळणारी संस्था, आलं. आपल्या राज्याचे नियम 2016 मध्ये आले. खदानवाला खडी-मुरमाची जी रॉयल्टी, म्हणजे खनिज काढल्याचं शुल्क, सरकारला भरतो, तिच्यावर आणखी 10 टक्के रक्कम त्याला या प्रतिष्ठानात भरावी लागते.

हिशोब बघा. 2021 च्या जुलैपासून रॉयल्टी ब्रासला (म्हणजे 100 घनफुटाला) 600 रुपये झाली. दर बदलत असतात, चालू दर विचारून घ्या. 600 चे 10 टक्के म्हणजे ब्रासमागे 60. एका हायव्यात साधारण पाच ब्रास धरले तर प्रत्येक खेपेमागे 300 रुपये. माझ्या नवऱ्यानं दिवसात सहा खेपा मारल्या की 1800 रुपये प्रतिष्ठानात गेले पाहिजेत. हा आकडा मी पहिल्यांदा बायकांच्या बैठकीत सांगितला तेव्हा कोणीच काही बोललं नाही. मग एकीनं विचारलं, "आन आपल्या शाळेच्या संडासाला कडी का नाही गं?"

पहिलं काम माहितीच्या अर्जाचं. आपलं गाव बाधित गावांच्या यादीत आहे का, हे आधी कळलं पाहिजे. यादीत नाव नसेल तर सगळी धावपळ वाया. केंद्रानं 2024 मध्ये ज्या सुधारित सूचना काढल्या, त्यांत खाणीपासून 15 किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित धरलाय. यादी, जमा रक्कम, बैठकांचे इतिवृत्त, वार्षिक आराखडा हे सगळं प्रतिष्ठाननं संकेतस्थळावर टाकायचं असतं. तिथे नाही सापडलं तर माहितीचा अधिकार. अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं करा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखाली असाल तर दाखला जोडा, तिकीट लागत नाही. आपल्या राज्यात अर्जात एकच विषय आणि 150 शब्द चालतात. माझ्या पहिल्या अर्जात खनिज निधी, शाळेचं छत, गावचा रस्ता आणि रेशन असं सगळं होतं. परत आला, यायलाच पाहिजे होता.

मजकूर छोटा ठेवा: "मौजे अमुक हे गाव बाधित गावांच्या यादीत आहे काय, या गावाच्या हद्दीतील खाणपट्ट्यांतून मागील तीन वर्षांत प्रतिष्ठानकडे वर्षनिहाय किती रक्कम जमा झाली, त्याच काळात या गावात या निधीतून कोणती कामे मंजूर झाली." झालं. तीस दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला 20 रुपयांचं तिकीट.

उत्तर येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका, पुरावा गोळा करा. आम्ही दोनशे पानी वही घेतली आणि शाळेत ठेवली. सुरुंग कधी उडाला, तारीख आणि वेळ. त्या वेळी वर्ग चालू होता का. कोणत्या भिंतीला चीर गेली. कोणतं पोर खोकल्यानं घरी राहिलं. शेवटचं लिहिताना जपून, आजार धुळीमुळेच झाला असं आपण ठरवू नये. फक्त गैरहजेरी लिहावी आणि उपकेंद्राच्या सिस्टरना तपासायला बोलवावं. फोटो काढताना मोबाइलमध्ये जीपीएस कॅमेरा चालू ठेवा, म्हणजे जागा, तारीख, वेळ फोटोवरच उमटते. आमचा सगळ्यात कामाला आलेला फोटो चिरेचा नव्हताच. सोमवारी सकाळी पहिलीतल्या पोरीनं बाकावरच्या धुरळ्यात बोटानं स्वतःचं नाव लिहिलं होतं, तो होता.

त्याच वहीत खदानीवरच्या पालांतली पोरंही मोजा. मी हे शेवटी केलं, पहिल्यांदा करायला हवं होतं. दगड फोडणारी माणसं बहुतेक वडार समाजाची, काही परराज्यातली. त्यांची पोरं कोणाच्याच पटावर नसतात. आमच्याकडे सहा ते चौदा वयाची अकरा निघाली, त्यांतली दोनच शाळेत. 'आधार नाही, जन्माचा दाखला नाही' असं कोणी म्हणालं तर 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम 14 दाखवा, वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आणि खरं सांगते, गावातल्या लोकांनीच नाकं मुरडली. 'त्यांची पोरं आपल्या पोरांसोबत?' खदानीचा सगळ्यात जास्त धुरळा ज्यांच्या छातीत जातो, त्यांना सोडून निधी मागायला मला तरी लाज वाटली असती.

आता ग्रामसभा. वर्षात चार होतात. आपल्याकडे 2 ऑक्टोबरची धरा. 26 जानेवारीला निम्मं गाव ऊसतोडीला गेलेलं असतं आणि 1 मेच्या उन्हात कोणी बसत नाही. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांतला कमी आकडा लागतो. ग्रामसेवकाला, म्हणजे आताच्या ग्रामपंचायत अधिकाऱ्याला, आठ-दहा दिवस आधी लेखी द्या की हा विषय अजेंड्यावर घ्या. ऐनवेळी विषय मांडाल तर 'पुढच्या सभेत बघू' हे ठरलेलं उत्तर मिळतं.

ठरावाची भाषा हा खरा खेळ. 'शाळेचा सर्वांगीण विकास करण्यात यावा' असं लिहिलं की ते कागद कुठेच जात नाहीत. किती मीटर कुंपणभिंत, किती खोल्या, मुलींसाठी किती संडास, पाण्याची टाकी किती लिटरची, हे आकड्यांत लिहा. सूचक आणि अनुमोदक यांची नावं घाला, जमलं तर दोन्ही बायका. शाळा व्यवस्थापन समितीचा शाळा विकास आराखडा असतो, त्यातही हीच कामं त्याच आकड्यांनी असू द्या. दोन कागदांवर दोन आकडे दिसले की फाईल थांबते.

मागायचं काय, यावर आमची दोन बैठकांत भांडणं झाली. केंद्राच्या त्याच 2024 च्या सूचनांप्रमाणे किमान 70 टक्के पैसा पाणी, आरोग्य, शिक्षण, महिला-बालकल्याण अशा प्राधान्याच्या गोष्टींवर जायला हवा. आधी हे 60 टक्के होतं. शिक्षणात खोल्या, संडास, वाचनालय, प्रयोगशाळा तर येतातच, पण शिक्षक आणि मदतनीस नेमणं, पोरांच्या जाण्यायेण्याची सोय, पोषण हेही बसतं. हे शेवटचे तीन लोक मागतच नाहीत. सरपंच कुंपण आणि रंगकामावर अडून बसले होते. बांधकामाला गावात सगळ्यांचा होकार लवकर मिळतो. का, ते तुम्हाला कळतं. आम्ही कुंपण मागितलंच, कारण हायवा गाड्या शाळेच्या दारावरून जातात. पण त्याच अर्जात पालांवरच्या पोरांसाठी रिक्षा आणि एक मदतनीसही मागितला. कुंपण आणि संडास मंजूर झाले, रिक्षा दुसऱ्या वर्षी. मदतनीस अजून नाही.

बांधकाम मागत असाल तर अंदाजपत्रक जोडल्याशिवाय अर्ज नेऊ नका. ते शाखा अभियंता करून देतो, फक्त त्याला शाळेवर आणायचं काम आपलं. आम्ही चार फोन केले, पाचव्या वेळी समितीच्या तीन बायका त्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या. भांडलो नाही, नुसत्या बसलो. दुसऱ्या दिवशी तो टेप घेऊन आला.

मधेच खदानमालकाकडून दप्तरं येतील, पंधरा ऑगस्टला लाडू येतील. घ्या, पोरांच्या तोंडचा लाडू कशाला काढायचा? पण ते घेताना कुठल्याही कागदावर 'गावाची तक्रार नाही' अशी सही देऊ नका. आमच्याकडे तो कागद लाडवांच्या खोक्यासोबतच आला होता.

नवऱ्याच्या नोकरीचं काय, हे मला प्रत्येक गावात विचारतात. अर्ज माझ्या एकटीच्या नावानं नाही, समितीच्या आणि ग्रामसभेच्या नावानं केला, म्हणून निभावलं. ज्यांच्या घरातलं माणूस खदानीवर आहे त्यांनी सूचक-अनुमोदकही होऊ नये.

सगळे कागद तीन प्रतींत करा: एक खनिकर्म शाखेला, एक गटशिक्षणाधिकाऱ्यांना, एक आपल्याकडे. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारखेचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडू नका, आणि शिक्का तिथेच उजेडात धरून वाचा. माझ्या पहिल्या पोहोचेवर शाई इतकी पुसट होती की तारीख 3 आहे की 8 हेच कळेना, आणि ऑफिसवाले 'कागद मिळालाच नाही' म्हणाले, म्हणून मला दुसरा द्यावा लागला. तेव्हापासून पिशवीत शाईचा पॅड घेऊनच जाते.