कॅमचे बुश बसवण्याआधी

मागच्या वेळी कॅमशाफ्टचे (वाल्व्ह उघडणाऱ्या दांड्याचे) बेअरिंग, म्हणजे तो ज्या कड्यांत फिरतो ते कॅमचे बुश, मी विचार करून निवडले, सरळ ठोकले आणि तरीही इंजिन पुन्हा उघडावे लागले. तिसऱ्या बुशचे ऑइल होल (तेल येण्याचे भोक) ब्लॉकच्या होलसमोर आलेच नव्हते. पुन्हा ब्लॉक भरायला घेतोय, म्हणून ही यादी. ज्यात कॅम ब्लॉकमध्ये असतो, त्या पुशरॉडच्या (कॅम लांब काड्यांमार्फत वरचे वाल्व्ह हलवतो अशा) इंजिनांसाठीच.

ब्लॉक धुणे, गॅलरीचे (तेलाच्या वाटांचे) प्लग काढून ब्रश फिरवणे हे सांगायला नको.

आधी कॅम आणि वाल्व्ह स्प्रिंग ठरवा, मग बुश. बुशवर भार येतो तो स्प्रिंगचाच. रस्त्यावरच्या गाडीला, साध्या स्प्रिंगवर, पोलादी पाठीचे बॅबिट (कथील-शिशासारख्या मिश्रधातूचे) बुश उत्तम. बॅबिट मऊ असते, बारीक कचरा पोटात घेते, थोडा वाकडेपणा सांभाळून घेते. स्प्रिंग कडक झाली की मात्र तेच बॅबिट थकते आणि खपल्या निघतात. तिथे अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे घ्या. ते भार जास्त सोसते, पण कचरा खपवून घेत नाही. निव्वळ शर्यतीच्या इंजिनाला 50 किंवा 55 मिलिमीटरच्या मोठ्या जर्नलवर (कॅमचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) रोलर बेअरिंगही बसवतात. त्यासाठी ब्लॉकचे बोअर (बुश बसतात ती भोके) तसे हवेत आणि कॅम कडक केलेल्या पोलादाचा हवा. ओतीव लोखंडाचा कॅम रोलरवर चालवायचा नाही. रस्त्याच्या गाडीला हा खर्च करू नका.

आता ऑइल होल. बुश ठोकण्याआधी ब्लॉकमधल्या प्रत्येक होलची जागा बोअरच्या तोंडाशी मार्करने आखा, बुशच्या कडेवरही तशीच खूण करा. ठोकताना बुश किंचित फिरते आणि टूल आत असताना दिसत काहीच नाही. मी बाहेरून बॅटरी मारली, भोक दिसले, पुढे गेलो. दिसली होती ती फक्त चंद्रकोर, बाकीचे होल बुशच्या पाठीने झाकलेले. फिल्टर कापला तेव्हा कागदाच्या घड्यांत बॅबिटचा चकचकीत चुरा होता आणि जर्नलवर राखाडी थर पुसल्यासारखा बसला होता. म्हणून बॅटरीवर विसंबू नका, तार घाला. प्रत्येक होलमधून, सगळ्या बुशना, तार आरपार गेली पाहिजे. अडखळली तर बुश काढा, दुसरे ठोका.

काही ब्लॉकमध्ये बोअरमध्येच बुशमागे तेलाची गोल खाच असते. तिथेही होल कुठेही चालते असे समजू नका. स्प्रिंग कॅमला खाली दाबतात, तळाशी फट मिटते, तिथे तेल शिरायला जागा उरत नाही. होल भाराच्या जागी नको.

बुशचे नंबर बघा. शेव्हरोलेच्या 1955 पासूनच्या स्मॉल ब्लॉकमध्ये पाचही बुशचे बाहेरचे माप सारखे नसते. चुकीच्या बोअरमध्ये एक तर शिरणार नाही, नाही तर सैल बसेल. खोक्यातून काढून ओळीने मांडा, मगच हातोडी उचला.

क्लिअरन्स (बुश आणि जर्नलमधली फट) बुश ठोकल्यानंतरच मोजा, कारण आत गेल्यावर ते आवळते. साधारण 0.002 ते 0.004 इंच, म्हणजे 0.05 ते 0.10 मिलिमीटर. शर्यतीसाठी कॅम बनवणाऱ्याचा आकडा धरा. कॅम घालून बोटांनी फिरवा. एका जागी जड जात असेल तर बोअर एका रेषेत आहेत का ते तपासा, पान्याने ओढून फिरवू नका.

जर्नलला तेल, लोबला (कॅमच्या उंचवट्यांना) असेंब्ली ल्यूब (जोडणीचे वंगण). कॅमच्या बोअरचा मागचा प्लग सीलंट लावून. सुरू करण्याआधी ऑइल पंप बाहेरून फिरवून रॉकरपर्यंत (वर वाल्व्ह दाबणाऱ्या हातांपर्यंत) तेल आणा.

आणि कॅम आत सरकवण्याआधी तार पुन्हा एकदा, प्रत्येक ठिकाणी.