कललेली भिंत, सरकलेली भिंत

एम.एस्सी. जिऑलॉजीच्या पहिल्या वर्षी मराठवाड्यातल्या एका पडक्या गढीवर फील्डला गेलो होतो. बुरुजाशेजारची भिंत अशी काही कलली होती, की मी तिथल्या तिथे निकाल लावून टाकला: भूकंप! घरात लहानपणापासून 'किल्लारीच्या आधी' आणि 'किल्लारीच्या नंतर' अशीच कालगणना ऐकलेली, दुसरं सुचणार काय? तीन पानी टिपण लिहून दिलं. सरांनी एवढंच विचारलं, "पाया कशात आहे रे?" पाया काळ्या मातीत होता. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. शे-दोनशे वर्षं मिळाली तर भिंत कलवायला तिला भूकंप लागत नाही.

जुन्या बांधकामांवरून भूकंप हुडकण्याच्या या कामात, म्हणजे आर्किओसिस्मॉलॉजीत, येऊ पाहणाऱ्यांना मी आधी ही फजिती सांगतो. पडझडीला कारणं ढीगभर: खचलेला पाया, पूर, वेढा, वडा-पिंपळाची मुळं, शिवाय गावाने घरासाठी उचलून नेलेले दगड.

मग खात्री कशाने पटते? मला ती वादुम याकोबच्या किल्ल्याने पटवली. आजच्या इस्राएलमध्ये, गालीलच्या समुद्राच्या उत्तरेला, जॉर्डन नदीकाठी क्रूसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, ११७८ मध्ये तो बांधायला घेतला. काम अर्धवट असतानाच ऑगस्ट ११७९ मध्ये सुलतान सलाउद्दीनच्या सैन्याने तटाखाली भुयार खणून तो पाडला. म्हणजे ढिगारा आहे, पण तो लढाईचा. नुसत्या ढिगाऱ्यावर विसंबलो असतो तर पुन्हा माझी गढीच झाली असती! पण या किल्ल्याच्या पोटाखालून मृत समुद्राचा मोठा फॉल्ट, म्हणजे जमिनीचे दोन भाग जिच्यावर एकमेकांना घासून सरकतात ती भेग, जातो. बांधताना सरळ रेषेत असलेले उत्तर आणि दक्षिण तट त्या रेषेवर तुटून २.१ मीटर बाजूला सरकलेत. भुयार भिंत पाडतं. दोन्ही टोकांना एकाच दिशेने, सारख्या मापाने बाजूला नाही सरकवत. पुढे त्याच जागी मशीद बांधली गेली, ती मात्र फक्त अर्धा मीटर सरकली आहे. उरलेले १.६ मीटर तिच्या आधीचे. संशोधकांनी ते २० मे १२०२ च्या भूकंपाला जोडले आणि अर्धा मीटर बहुधा ऑक्टोबर १७५९ च्या. जुने भूकंप शोधायच्या नेहमीच्या पद्धतीने, म्हणजे नदीच्या गाळात खंदक खणून, एवढी बारीक तारीख क्वचितच हाती लागते. भिंत कधी बांधली आणि तेव्हा ती सरळ होती, या दोन गोष्टी ठाऊक असणं हीच पुरातत्त्वाची देणगी.

आपल्याकडे तेर, जुनं तगर, इथल्या थरांमध्येही जुन्या भूकंपाच्या खुणांचा अभ्यास झालाय. ३० सप्टेंबर १९९३ नंतर किल्लारी परिसराच्या भूकंप-इतिहासाकडे नव्याने पाहिलं गेलं, त्यातलाच तो भाग. मराठवाड्यातल्या मुलांनी त्या अभ्यासाचा मूळ शोधनिबंध जरूर वाचावा.

तयारी काय करायची? जिऑलॉजीवाल्यांनी खापरं ओळखायला आणि उत्खननातले थर वाचायला शिकावं. पुरातत्त्ववाल्यांनी फॉल्ट, गाळ आणि ब्रंटन कंपास, म्हणजे दिशा आणि उतार मोजायचं होकायंत्र. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं सर्वेक्षणाचं यंत्र, दोघांनाही. मला स्वतःला सगळ्यात उपयोगी पडला तो गवंड्याचा ओळंबा. कमानीतला मधला दगड खाली घसरलाय का, खांबाचे तुकडे एकाच दिशेला पडलेत का, हे आधी मोजून कागदावर उतरवायचं आणि 'कारण' हा रकाना कोरा ठेवायचा. मी तो पेन्सिलनेच भरतो.

नोकरीचं म्हणाल तर या नावाची जागा जाहिरातीत मला तरी दिसलेली नाही. नेट किंवा गेट काढून जिऑलॉजीत किंवा पुरातत्त्वात पीएच.डी. करायची आणि हा विषय त्यात घुसवायचा. डेक्कन कॉलेज, डेहराडूनची वाडिया इन्स्टिट्यूट, गांधीनगरची भूकंप संशोधन संस्था, अशा ठिकाणी कोण काय करतंय ते बघून ईमेल टाकत राहा. एक मात्र आधीच सांगतो: संरक्षित जागेवर स्वतःचा खड्डा खणायला सहसा मिळत नाही. दुसऱ्याच्या उत्खननात, दुसऱ्याच्या खड्ड्यात उतरायचं असतं, आणि ते बहुतेक वेळा त्यांच्या जेवणाच्या सुट्टीत.