नैराश्यावरची गोळी कशी घ्यावी आणि कशी थांबवावी

नैराश्यावरची गोळी सुरू करताना बहुतेक रुग्ण 'किती दिवस घ्यायची?' असे विचारतात. माझ्या मते त्याआधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे: लिहून दिलेले औषध नेमके कोणते आणि ते शरीरातून निघून जायला किती वेळ लागतो? एखादा दिवस चुकला तर काय करावे आणि थांबवताना घाई का करू नये, हे बरेचसे त्या उत्तरावरूनच ठरते.

म्हणून सर्वप्रथम स्ट्रिपवर ब्रँडच्या नावाजवळ बारीक अक्षरांत छापलेले मूळ औषधाचे नाव वाचून वहीत लिहून ठेवावे. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन यांपैकी एखादे नाव दिसले तर औषध 'एसएसआरआय' गटातले आहे. चेतापेशीने बाहेर सोडलेले सेरोटोनिन हे संदेशवाहक रसायन एक वाहक प्रथिन पुन्हा आत ओढून घेते आणि ही औषधे त्या प्रथिनाची वाट अडवतात. मूळ औषधाच्या जोडीला क्लोनाझेपाम (चिंता शमवणारे, गुंगी आणणारे औषध) असे नाव छापलेले असेल, तर तेही स्वतंत्रपणे नोंदवावे.

वाहक प्रथिन अडवण्याचे काम पहिल्या गोळीनंतर काही तासांतच सुरू होते, पण मन हलके व्हायला साधारण दोन ते चार आठवडे आणि पूर्ण परिणाम कळायला सहा ते आठ आठवडेही लागू शकतात. याचे एक प्रचलित स्पष्टीकरण असे की, सेरोटोनिन वाढताच पेशीवरचे काही ग्राही (रसायनाचा संकेत टिपणारी प्रथिने) पेशीला ते सोडण्याचा वेग कमी करायला सांगतात, आणि हे ग्राही सैल पडेपर्यंत खरी वाढ होत नाही. मळमळ, पातळ शौच, अस्वस्थता, झोपेतील बिघाड हे त्रास मात्र पहिल्याच आठवड्यात येतात. म्हणजे गोळी आधी त्रास देते आणि गुण नंतर दाखवते. अनेक जण नेमके याच टप्प्यावर ती सोडून देतात. मळमळ होत असल्यास गोळी जेवणानंतर घ्यावी, झोप उडत असल्यास सकाळी घ्यावी आणि त्रास सहन होत नसेल तर डॉक्टरांना कळवावे. पंचवीस वर्षांखालील रुग्णाकडे या काळात घरच्यांनी विशेष लक्ष द्यावे, कारण या वयोगटात सुरुवातीला आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये मुलांसाठी आणि २००७ मध्ये तरुणांसाठी तसा ठळक इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावला. असे विचार आले, किंवा झोप न लागताही उत्साह अनावर वाढला, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालू असतो.

आता अर्धायुकाल, म्हणजे रक्तातील औषधाचे प्रमाण निम्म्यावर यायला लागणारा वेळ. पॅरोक्सेटिनचा तो सुमारे २१ तास, सर्ट्रालिनचा सुमारे २६ तास, एस्सिटालोप्रामचा साधारण ३० तास आहे. फ्लुओक्सेटिन नियमित घेणाऱ्यांत तो काही दिवसांचा असतो आणि त्यापासून शरीरात तयार होणारा सक्रिय घटक त्याहून रेंगाळतो. उलट, वेगळ्या गटातल्या व्हेन्लाफॅक्सिनचा काळ अवघा पाच तास आणि त्याच्या सक्रिय घटकाचा अकरा तास. त्यामुळे फ्लुओक्सेटिनची एखादी गोळी राहिली तरी बहुधा जाणवत नाही, पण व्हेन्लाफॅक्सिनची राहिली तर दुसऱ्याच दिवशी चक्कर येऊ शकते. दिवसातून एकदा घ्यायची गोळी विसरल्याचे त्याच दिवशी झोपण्यापूर्वी आठवले तर घ्यावी, दुसऱ्या दिवशी आठवले तर ती सोडून नेहमीच्या वेळी एकच घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत.

थांबवण्याचा निर्णय डॉक्टरांचा असतो, पण त्यामागचे गणित रुग्णालाही ठाऊक असावे. टोरांटोतील संशोधकांनी मेंदूची पेट-स्कॅन चित्रे घेऊन २००४ मध्ये दाखवले की, या औषधांच्या किमान उपचारमात्रेलाच सुमारे ८० टक्के वाहक प्रथिने अडलेली असतात. मात्रा दुप्पट केली तरी त्यात फार भर पडत नाही. याचा उलटा अर्थ असा की, याच गटातले सिटालोप्राम ४० मिलिग्रॅमवरून २० वर आणले तर मेंदूला फारसा फरक कळत नाही, पण २० वरून एकदम शून्यावर गेले तर तो सगळा ८० टक्क्यांचा आधार निघून जातो. म्हणून मात्रा जितकी खाली येईल तितके पुढचे टप्पे लहान हवेत. 'आता अर्धीच राहिली आहे, सोडून टाकू' हा विचार त्यामुळेच फसवा आहे. गोळीचे आणखी लहान तुकडे करण्याऐवजी द्रवरूप औषध मिळते का, हे डॉक्टरांना विचारावे. आवरण असलेल्या किंवा हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर तोडूच नयेत.

कमी करताना चक्कर, चिडचिड, विचित्र स्वप्ने किंवा डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना काही दिवसांतच सुरू झाली, तर ते बहुधा औषध सुटण्याचे लक्षण असते आणि मात्रा पूर्ववत केल्यावर लवकर शमते. आजार परतला असेल तर तो सहसा आठवड्यांनी-महिन्यांनी, हळूहळू उदासी गडद होत दिसतो. तारखेनिशी नोंद ठेवली तर दोन्हींतला फरक डॉक्टरांना पटकन कळतो.

मेडिकलमधून दुसरे काही घेताना चालू गोळीचे नाव सांगावे. आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामकांबरोबर रक्तस्रावाचा धोका वाढतो, तर ट्रामाडॉल किंवा डेक्स्ट्रोमेथॉर्फन असलेल्या खोकल्याच्या औषधाने सेरोटोनिनचा अतिरेक होऊ शकतो. स्तनाच्या कर्करोगासाठी टॅमॉक्सिफेन चालू असल्यास पॅरोक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन टाळतात, कारण टॅमॉक्सिफेनला प्रभावी रूप देणारे यकृतातील विकर (एन्झाइम) ती दोन्ही अडवतात.

स्ट्रिपवर क्लोनाझेपाम असेल तर एका गोळीत दोन औषधे आहेत. त्याची सवय लागते आणि बराच काळ घेतल्यावर ते अचानक बंद केले तर फिटचे झटके येऊ शकतात. अशा जोडगोळीत दोन्ही मात्रा एकत्रच कमी होतात, म्हणून दोन्ही औषधे सुटी करून एकेक कमी करता येतील का, हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवावे.