पुणे विद्यापीठात नवीन येताय? कॅम्पसवर काय चाललंय ते कळायचं कसं

ज्यांचं यंदा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात एमए, एमएस्सीला ॲडमिशन झालंय, आणि त्यातही जे बाहेरगावचे आहेत, घरातून पहिल्यांदाच कुणीतरी विद्यापीठाची पायरी चढतंय, अशांसाठी लिहितेय. मी अकोले तालुक्यातली, राज्यशास्त्रात एमए केलं इथून. फॉर्म कसा भरायचा, हॉस्टेलला कुठली कागदं लागतात हे सांगणारे खूप भेटतील तुम्हाला. मला सांगायचंय ते त्यानंतरचं, म्हणजे एकदा आत आल्यावर कॅम्पसवर काय घडतंय, कुठली मुदत कधी संपतेय, कोण व्याख्यानाला येतंय, हे वेळेवर कळायचं कसं.

ही गोष्ट साधी वाटते पण माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो. कॅम्पस ४११ एकरांचा आहे. मुख्य इमारत, जयकर लायब्ररी, सायन्सचे विभाग, खेर वाङ्मय भवन, हॉस्टेलं, सगळं पांगलेलं. आणि बातमी फिरते ती ओळखीतून. जी मुलं पुण्यातल्याच कॉलेजातून येतात त्यांचे सीनियर आधीच इथे असतात, त्यांना संध्याकाळी चहावर सगळं कळतं. आपल्याकडची मुलं लेक्चर करून थेट रूमवर जातात, आणि महिन्याभराने कळतं की अमुक फेलोशिपची तारीख गेली. हुशारीत कुठेच कमी नव्हत्या अशा मुली मी या एका कारणाने मागे पडताना बघितल्यात, आणि अजून वाईट वाटतं त्याचं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. पेपरात 'विद्यापीठाच्या परीक्षा पुढे ढकलल्या' अशी बातमी येते ना, ती बहुतेक वेळा संलग्न कॉलेजांसाठी असते. पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक या तीन जिल्ह्यांतली कॉलेजं या विद्यापीठाखाली येतात, त्यांच्या परीक्षा परीक्षा विभाग घेतो. कॅम्पसवरचे विभाग मात्र क्रेडिट पद्धतीने स्वतःचं मूल्यमापन करतात, निम्मे मार्क सेमिस्टरभराच्या अंतर्गत कामाचे आणि निम्मे सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षेचे. त्यामुळे तुमचा मावसभाऊ संगमनेरला कॉलेजात असेल आणि त्याचा पेपर पुढे गेला म्हणून तुमचा गेला असं होत नाही. तुमची तारीख तुमच्या विभागाच्या नोटीस बोर्डावर, बाकी कुठलं काही ऐकायचं नाही. फॉरवर्ड आलेलं परिपत्रक असेल तर त्यावर जावक क्रमांक, तारीख आणि सही आहे का बघा, मग तीच पीडीएफ विद्यापीठाच्या साइटवर सापडतेय का बघा, आणि ते कुणाला उद्देशून आहे ती ओळ वाचा. 'सर्व संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य' असं वर लिहिलेलं असतं आणि मुलं खालची तारीख तेवढी वाचून बॅग भरतात.

विभागाच्या ऑफिसात रोज एक चक्कर मारा, काम असो नसो. तिथले मामा आणि क्लार्क मॅडम यांना कुठला कागद कधी आला, कुठल्या सरांच्या टेबलावर आहे हे सगळं माहीत असतं. नाव विचारून, नीट बोलून ओळख ठेवा. आमच्या विभागातले मामा स्वतःहून हाक मारून सांगायचे की 'अगं, ते सेमिनारचं पत्र आलंय, नाव दे'. ही माणसं फार करतात मुलांसाठी.

आता पैशाचं, कारण बाहेरून आलेल्या मुलांचं निम्मं लक्ष तिथेच असतं आणि असायलाच हवं. महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्त्यांचं पोर्टल, सुरू झाल्याची बातमी आली की त्याच आठवड्यात फॉर्म भरायला घ्या, शेवटच्या दिवसांत साइट चालत नाही, ओटीपी येत नाही, दर वर्षी तेच. सरकारी हॉस्टेल मिळालं नाही म्हणून शिक्षण सोडायची वेळ आलेली मुलं मी बघितलीत, तर त्यांच्यासाठी राहण्याजेवणाच्या खर्चाला पैसे देणाऱ्या सरकारी योजना आहेत हे माहीत असू द्या: अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना स्वाधार, आदिवासी विद्यार्थ्यांना स्वयम, ओबीसींना आधार योजना, आणि मराठा समाजासह इतर काही विद्यार्थ्यांना पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता. पुढे पीएचडीला जायचं असेल तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिप आहेत. प्रत्येकीच्या अटी वेगळ्या आणि बदलतही असतात, त्यामुळे सीनियरने गेल्या वर्षी काय केलं त्यावर न जाता त्या वर्षीची जाहिरात स्वतः वाचायची, मोठी असली तरी शेवटपर्यंत वाचायची. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, वैधता प्रमाणपत्र, रहिवास, बोनाफाईड, आधारशी जोडलेलं बँक खातं हे सगळं स्कॅन करून फोनमध्ये आणि मेलवर दोन्हीकडे ठेवा. तहसील ऑफिस गावाकडे असतं आणि फॉर्मची मुदत पुण्यात संपते. दिवाळीला घरी गेलात की दाखल्यांचं काम करूनच या.

कमवा व शिका योजनेबद्दल पण लगेच विचारा. पूर्ण नाव कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना, विद्यार्थी विकास मंडळाकडून चालते. लायब्ररीत, विभागात, बागेत तासावर काम मिळतं. काही मुलांना लाज वाटते सुरुवातीला, आईबापाला काय सांगायचं असं वाटतं. नका वाटून घेऊ. माझा मेसचा खर्च त्यातून निघत होता आणि मी घरी अभिमानाने सांगायचे. शिवाय जयकरमध्ये काम करणाऱ्याला नवीन पुस्तकं, प्रदर्शनं, कार्यक्रम सगळं आपोआप कळतं, हा फायदा पगारात दिसत नाही.

जयकर म्हणजे लायब्ररी, विद्यापीठाचे पहिले कुलगुरू डॉ. मु. रा. जयकर यांच्या नावाची. तिथली अभ्यासिका स्पर्धा परीक्षावाल्या मुलांनी भरलेली असते, सकाळी लवकर गेलात तरच जागा. पण मी सांगेन की नुसती जागा धरून बसू नका, वर्तमानपत्रांच्या विभागात रोज अर्धा तास द्या. पुण्याच्या पुरवण्यांमध्ये विद्यापीठाची बातमी जवळजवळ रोज असते, आणि जी गोष्ट आपल्याच कॅम्पसवर घडली ती पेपरात कशी आली हे वाचायला शिकणं हे सामाजिक शास्त्राच्या मुलांसाठी फार कामाचं आहे. संध्याकाळी विद्यावाणी लावा, १०७.४ एफएम, विद्यापीठाचं स्वतःचं कम्युनिटी रेडिओ केंद्र आहे. आवाज बरा असेल, बोलायची आवड असेल तर तिथे जाऊन विचारा, मुलांनी केलेले कार्यक्रम असतात.

व्याख्यानांचं सांगते, कारण मला विद्यापीठाने खरं काय दिलं असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते. आपल्या विभागाबाहेरचं व्याख्यान चुकवू नका. राज्यशास्त्राची मुलगी असून मी आयुकात जाऊन बसायचे. आयुका म्हणजे आंतरविद्यापीठीय खगोलशास्त्र केंद्र, १९८८ साली सुरू झालं, जयंत नारळीकर त्याचे संस्थापक संचालक, इमारत चार्ल्स कोरियांची. आवारात आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन, आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. नारळीकर सर २०२५ च्या मे महिन्यात गेले. आमच्या गावच्या शाळेच्या कपाटात त्यांची पुस्तकं होती, आणि ज्या माणसाने मराठीत विज्ञान लिहिलं त्याने उभी केलेली जागा आपल्या हॉस्टेलपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे हे मला तेव्हा खरंच वाटत नव्हतं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, आयुका सगळ्यांसाठी उघडं असतं, शाळांच्या बसेसच्या रांगा लागतात. कॅम्पसवरच एनसीआरए, म्हणजे रेडिओ खगोलशास्त्राचं राष्ट्रीय केंद्र आहे, त्यांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण नारायणगावजवळ खोडदला, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. विज्ञान दिनाच्या आसपास तिथेही लोकांना बघायला सोडतात. जुन्नर, अकोले भागातल्यांनी तर जायलाच हवं, एरवी आपण नाशिक रोडने एसटीतून नुसते पुढे निघून जातो.

दुसरी जागा ललित कला केंद्र. नाटक, संगीत, नृत्य शिकवणारा विभाग, सतीश आळेकर बरीच वर्षं तिथले प्रमुख होते. त्यांच्या अंगणमंचावर मुलांचे प्रयोग होतात, मी तरी कधी तिकीट काढलेलं आठवत नाही. ज्यांनी गावाकडे जत्रेतला तमाशा नाहीतर गॅदरिंगचं नाटक एवढंच बघितलंय त्यांनी पहिल्या सेमिस्टरलाच एक प्रयोग बघा. प्रयोगाचं कळतं कुठून, तर विभागाच्या दारावरच्या हाताने रंगवलेल्या पोस्टरवरून, आणि अनिकेत कॅन्टीनला बसलेल्या तिथल्याच मुलांकडून. संध्याकाळी अनिकेतला एक चहा घेऊन थोडा वेळ बसलात तरी कॅम्पसवरच्या निम्म्या बातम्या कळतात, म्हणून चहाचे पैसे वाचवून रूमवर पळू नका.

वर्षाचे काही दिवस ठरलेले आहेत. ३ जानेवारी सावित्रीबाईंची जयंती, २०१४ पासून विद्यापीठाला त्यांचं नाव आहे आणि २०२२ पासून मुख्य इमारतीसमोर पुतळा. १० फेब्रुवारी विद्यापीठाचा वर्धापन दिन. २७ ला मराठी भाषा गौरव दिन. एप्रिलमध्ये ११ तारखेला महात्मा फुल्यांची आणि १४ ला बाबासाहेबांची जयंती, त्या आठवड्यात व्याख्यानं, वाचनाचे उपक्रम भरपूर असतात. संशोधनाची आवड असेल तर 'आविष्कार' स्पर्धेची नोटीस कधी लागते ते गाइडला आधीच विचारून ठेवा.

आंदोलनं पण होतात. फी वाढ, हॉस्टेल, मेस, परीक्षेचा घोळ, मुख्य इमारतीसमोर घोषणा ऐकू येतील. वेगवेगळ्या विचारांच्या संघटना आहेत आणि पहिल्या महिन्यात प्रत्येक जण तुम्हाला आपल्याकडे बोलावेल. ऐका सगळ्यांचं, पत्रकं वाचा, घाई करू नका. कुणाच्या तरी भांडणाचा अर्धवट व्हिडिओ ग्रुपवर आला की तो पुढे पाठवायच्या आधी तिथे हजर असलेल्या दोघांना तरी विचारा, कारण कॅम्पस मोठा असला तरी ज्याची बदनामी होते तो पोरगा किंवा पोरगी उद्या मेसमध्ये तुमच्याच शेजारी ताट घेऊन बसणार असते. मुलींसाठी अजून एक, विद्यापीठात अंतर्गत तक्रार समिती असते, तिच्या सदस्यांची नावं आणि फोन नंबर पहिल्याच आठवड्यात शोधून फोनमध्ये सेव्ह करा, गरज पडेल तेव्हा शोधत बसायला नको.

आणि अधिसभेच्या बातम्या वाचत जा. अधिसभा म्हणजे सिनेट, विद्यापीठाचं बजेट तिथे मांडलं जातं, आपल्या हॉस्टेलला, शिष्यवृत्तीला किती पैसे ठेवले ते तिथे कळतं. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानुसार अधिसभेत पदवीधरांनी निवडून दिलेले १० जण असतात. तुम्ही पदवीधर झालेलेच आहात, पण मतदार म्हणून वेगळी नोंदणी करावी लागते आणि ती ठराविक काळातच सुरू असते. आमच्या वर्गात हे फार थोड्यांना माहीत होतं. बीए, बीएस्सी याच विद्यापीठाची असेल तर पदवी प्रमाणपत्र हाताशी ठेवा आणि नोंदणीची नोटीस दिसली की फॉर्म भरून टाका.

एमएच्या दुसऱ्या वर्षाला गेलात की सेटची, म्हणजे सहायक प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या राज्य पात्रता परीक्षेची, जाहिरात बघायला लागा. महाराष्ट्र आणि गोवा दोन्हीची सेट आपलंच विद्यापीठ घेतं, सेट भवन कॅम्पसवरच आहे. शेवटच्या वर्षाच्या मुलांना बसता येतं, दोन पेपर, १०० आणि २०० मार्कांचे, निगेटिव्ह मार्किंग नाही. पीएचडीच्या प्रवेश परीक्षेची, म्हणजे पेटची, नोटीस वेगळी निघते, ती पण विभागात विचारत राहा. यातलं काही अडलं तर दुसऱ्या वर्षाच्या कुठल्याही ताईला, दादाला सरळ जाऊन विचारा, ओळख नसली तरी चालतं. आणि तुमच्या मजल्यावर नवीन आलेली, कुणाशी न बोलणारी मुलगी असेल तर नोटीस वाचल्यावर तिचं दार वाजवून तिलाही सांगा.