शहर ठरवायच्या आधी शुक्रवार रात्रीची गाडी बघा

कॉलेज संपलं की नोकरीसाठी मुंबई, पुणे की गोवा हे कोकणातली सगळी पोरं पगार बघून ठरवतात आणि गावी यायला किती त्रास आहे ते पहिल्या गणपतीला कळतं. म्हणून नोकरीला होकार कळवायच्या आधी एवढं करा.

१. आयआरसीटीसीवर त्या शहरातून तुमच्या स्टेशनची शुक्रवार रात्रीची गाडी टाका, चिपळूण असो नाहीतर कुडाळ, आणि वेटिंग किती ते बघा. तुतारी एक्सप्रेस दादरहून रात्री बाराच्या पुढे सुटते, म्हणजे तारीख शनिवारची टाकायची, इथे भलेभले फसतात. पुण्याहून बहुतेकांना एसटीच बरी पडते, पण ती कुंभार्लीतून येते की आंबा घाटातून ते विचारून ठेवा, पावसात दरड आली की रविवारी परतायचे वांधे.

२. महिन्यातून जितक्यांदा याल तितका जाण्यायेण्याचा खर्च रूमच्या भाड्यात धरा आणि मग पगारातून वजा करा. मोठा पगार इथेच बारीक होतो.

३. मुंबईच ठरली तर रूम शक्यतो ठाणे, दिवा, पनवेल बाजूला बघा. ठाण्याला नि पनवेलला कोकणच्या बऱ्याच गाड्या थांबतात, दिव्याहून तर सावंतवाडीची गाडी सुटतेच, म्हणजे बॅगा घेऊन उलटं सीएसएमटीपर्यंत जायला नको.

फक्त एक, नुसते रूमचे फोटो बघून कुणाला टोकनचे पैसे पाठवू नका. ओळखीतल्या कुणाला तरी रूम बघायला पाठवा, आणि तेही सकाळी, पाणी येतं त्या वेळेला.